नवरीची गाडी

"दाब," गाडीखालून आवाज आला.

सीलवतीनं चप्पल काढली, अनवाणी पाय पेडलवर टेकला आणि खाली नेला.

"धर."

तिनं धरलं. मागच्या डाव्या चाकापाशी पाना करकरला. काचेच्या बरणीत बुडवलेल्या नळीतून बुडबुडे निघाले आणि तिच्या पायाखालचं पेडल अलगद तळाला गेलं. पाना उलटा फिरला.

"सोड."

तिनं पाय उचलला. एरवी नवरा-बायकोत बोलणं बेताचंच असायचं, पण ब्रेकमधली हवा काढायची असली की या तीन शब्दांवर त्यांची अख्खी दुपार निघायची. तीस वर्षं असंच चाललं होतं. तो खाली जमिनीवर आडवा, ती वर ड्रायव्हरच्या जागेवर, आणि मध्ये गाडी.

गाडी जुनी होती. फुगीर बॉनेटची, गोल दिव्यांची, नंबरपाटीवर अजून जुन्या पद्धतीचा '६ श्री' हा क्रमांक मिरवणारी. तिचा मालक, चहामळ्याचा इंग्रज साहेब, मायदेशी गेल्यावर ती चहाच्या कारखान्यामागे कोंबड्यांच्या ताब्यात पडली होती. सीलवतीचा नवरा जिनदास तेव्हा कारखान्यात पंखे आणि रोलर सांभाळायचा. सगळं गाव त्याला मिस्त्री म्हणायचं. त्यानं ती गाडी मागून घेतली, दोन वर्षं रोज संध्याकाळी तिच्यावर खपला आणि पांढरा रंग देऊन रस्त्यावर आणली. पहिल्यांदा तिच्यातून गेली ती सीलवतीची धाकटी बहीण, नवरी होऊन. तेव्हापासून उडहेना गावातल्या प्रत्येक नवरीला घाट उतरवून खाली न्यायचं काम जिनदासचं. त्याच्या गाडीतून न जाता लग्न लागलेली मुलगी गावात शोधूनही सापडली नसती.

उद्या इरेशाचं लग्न होतं. तीन घरं सोडून राहणाऱ्या करुणतिलकची ती मुलगी. सव्वीस वर्षांपूर्वी तिची आई मंगलिका याच गाडीतून सून म्हणून गावात आली होती. सकाळी आठ वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त होता घर सोडायचा. आणि आठवड्याभरापासून पेडल नरम लागत होतं.

"बाजारातून येताना पाय आत गेला," जिनदास म्हणाला होता. "भिजल्या पावासारखं लागतंय. हवा शिरली असणार."

आता तो गाडीखालून सरपटत बाहेर आला, बरणी आणि पाना घेऊन उजव्या बाजूला गेला. मागचं डावं चाक सगळ्यांत लांबचं, म्हणून ते आधी. मग मागचं उजवं. मग पुढचं डावं, आणि शेवटी ड्रायव्हरच्या पायाजवळचं. हा क्रम सीलवतीला झोपेतसुद्धा सांगता आला असता. मागचं उजवं झालं. तो उठला, गुडघे झटकले, गाडीला वळसा घातला आणि पुन्हा मागच्या डाव्या चाकापाशी जाऊन आडवा झाला.

"दाब."

सीलवतीचा पाय तसाच अधांतरी राहिला.

"अगं, दाब ना."

"अहो, ते झालं मघाशी."

खालून पाना नटावर बसल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "माहीत आहे मला. परत एकदा बघतोय."

तिनं पेडल दाबलं.

गेले सात-आठ महिने ती हे पाहत होती. मिठाची बरणी कपड्यांच्या कपाटात सापडली होती. एका जेवणात तीच गोष्ट त्यानं दोनदा सांगितली होती, दुसऱ्या वेळी हसायच्या जागी स्वतःच आधी हसून. एकदा सकाळी दुकानात जायला निघाला आणि अर्ध्या तासानं रिकाम्या हातांनी परत येऊन दुकान कुठे हलवलं म्हणून विचारायला लागला. कुरुनेगलहून त्यांची मुलगी फोन करायची, बाबा कसे आहेत विचारायची, आणि सीलवती बरे आहेत म्हणायची. खोटं नव्हतं ते अगदी. कारण पाना हातात घेतला की जिनदास पूर्वीचा जिनदास व्हायचा. गावातले पंप, पिठाच्या गिरण्या, तिचं शिवणयंत्र, सगळं तो अजून दुरुस्त करत होता. डोक्यातून काय जायचं ते जाऊ दे, हातांना सगळं आठवतंय, असं तिनं स्वतःला सांगून ठेवलं होतं. त्या एका गोष्टीच्या आधारावर ती रात्री झोपायची.

आणि आज हात चुकले होते.

चारही चाकं झाली. त्यानं पायाखालची चटई बाजूला करून गाडीच्या तळपत्र्यातलं झाकण काढलं, आत तेल भरलं, झाकण लावलं आणि तिला म्हणाला, आता बघ.

तिनं दाबलं. पेडल मध्यावर येऊन थांबलं, घट्ट.

"झालं की नाही?" जिनदासच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तो गाडी पुसायला फडकं आणायला आत गेला.

सीलवती तशीच बसून राहिली. पाय पेडलवर होता, तो तिनं काढला नाही. या पायानं चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवलं होतं. अख्ख्या गावाच्या बायकांचे कपडे शिवताना दोरा कुठे अडकतोय, पट्टा कुठे सैल पडलाय हे तिला डोळ्यांच्या आधी पायाला कळायचं. आता त्या पायाला काहीतरी कळत होतं. पेडल घट्ट होतं, पण थांबलेलं नव्हतं. ती दाबून धरून होती आणि ते केसाकेसानं खाली चाललं होतं. कुठून तेल गळत नव्हतं, कसला आवाज नव्हता. खाली कोणीतरी हळूहळू श्वास सोडावा तसं ते बसत बसत शेवटी तळाला टेकलं.

जिनदास फडकं घेऊन आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, तिला उठवलं, स्वतः बसला आणि पेडल खटाखट दोनदा मारलं.

"दगड आहे नुसता. तुझा पाय दमलाय."

"मारू नका तसं. दाबून धरा. मिनिटभर धरून बघा."

"सीला, मला ब्रेक शिकवतेस?"

तो रागावून म्हणाला नव्हता. उलट हसत म्हणाला होता, म्हणूनच तिला पुढे बोलता येईना. तेवढ्यात फाटकातून करुणतिलक आला. हातात पांढऱ्या रिबिनीची गुंडाळी आणि कोवळ्या नारळपानांच्या विणलेल्या झालरी होत्या, गाडी सजवायला. बसस्टँडवर वेळा नोंदवायची नोकरी करून करून त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची सवय लागली होती. मामा, गाडी तयार आहे ना, असं त्यानं विचारलं आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारलं.

"तुझी पोरगी तळहातावर नेतो," जिनदास म्हणाला. "तुझी बायको आणली तशी."

करुणतिलकनं सीलवतीकडे बघितलं. तिनं झालरी त्याच्या हातातून घेतल्या आणि कोमेजायला नकोत, पाणी शिंपडून ठेवते, एवढंच म्हणाली. तो गेल्यावर तिला वाटलं, आपण आत्ता काहीतरी फार मोठं गिळलं.

झालरी पडवीत ठेवून ती घरामागच्या पत्र्याच्या खोलीत गेली. ही जिनदासची जागा. ती एरवी तिथे फारशी जायची नाही. खिळ्यांवर पाने उतरत्या आकारानं टांगलेले होते. दारावरच्या उंच फळीवर डबे होते, आणि प्रत्येक डब्यावर त्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेल्या चिठ्ठ्या. ती स्टुलावर चढली. ब्रेकच्या तेलाचा डबा फळीवर होता. नव्या वर्षाच्या आधी आणलेला. तिनं तो हातात घेऊन फिरवला. झाकणाखालचं सील तसंच होतं. कोणी फोडलेलंच नव्हतं.

शेजारच्या डब्यावर 'मशीन' लिहिलेलं होतं. कारखान्यातून आणलेलं पातळ, पिवळसर, पाण्यासारखं स्वच्छ तेल. तिच्या शिवणयंत्राला तो त्यातलंच काढून द्यायचा. त्या डब्याचं तोंड उघडं होतं, त्यात नरसाळं होतं, आणि डबा अर्ध्याहून खाली गेला होता.

सीलवती स्टुलावरून उतरली. गाडीतून काढलेल्या तेलाची बरणी खिडकीत ठेवलेली होती. तिच्यात दोन थर झाले होते. खाली तपकिरी, वर पिवळा. तिनं करवंटीत पाणी घेतलं आणि वरच्या थरातले चार थेंब त्यात सोडले.

थेंब पसरले. तरंगले. त्यांच्या कडांना रंग चढले.

हे तिला जिनदासनंच शिकवलेलं होतं. नाव तेल असलं तरी ब्रेकमधलं तेल हे तेल नव्हे, ते पाण्यात मिसळून जातं. खरं तेल आत गेलं की आतली रबरं फुगतात, मऊ पडतात, आणि मग एके दिवशी नेमक्या उतारावर ब्रेक नाही म्हणतो. तो हे प्रत्येक नव्या ड्रायव्हरला सांगायचा, आणि सांगताना चहामळ्याच्या लॉरीची गोष्ट सांगायचा. सुमनपाल नावाच्या ड्रायव्हरनं तिच्या ब्रेकमध्ये भलतंच तेल घातलं होतं. बोधिवृक्षाच्या वळणावर लॉरी खाली गेली. सुमनपाल गेला आणि मागे बसलेल्या पानं खुडणाऱ्या दोन बायका गेल्या. लॉरीचे सुटे भाग वर आणल्यावर चौकशीला जिनदासला बोलावलं होतं. ती फुगलेली रबरं त्यानं स्वतःच्या हातांनी काढून साहेबांपुढे टेबलावर ठेवली होती.

ती करवंटी हातात धरून किती वेळ उभी होती कोण जाणे. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा भानावर आली.

ती अंगणात येईपर्यंत फाटक उघडं होतं आणि गाडी नव्हती. फडकं पायरीवर पडलं होतं. दरीतून धुकं वर येऊन कुंपणाला लागलं होतं, रोज चारच्या सुमाराला यायचं तसं. त्यात गाडीचा आवाज होता, उताराच्या दिशेनं लांब जाणारा. तो वळणापर्यंत एक चक्कर मारून बघायला गेला होता. काम झालं की तो नेहमीच जायचा. आपण हे विसरलो कसे!

ती रस्त्याला लागली. चप्पल गाडीतच राहिली होती. अडुसष्टाव्या वर्षी तिला धावता येत नव्हतं, पण ती चालतही नव्हती. कान पुढे लावून होती. आवाज एकदा खाली आला, म्हणजे त्यानं वेग कमी केला, म्हणजे ब्रेक लागला. पुन्हा एकदा तसंच. मग इंजिन एकदम किंचाळलं, जोर करून खालचा गिअर टाकल्यावर किंचाळतं तसं, आणि त्यापाठोपाठ फांद्या मोडल्याचा लांबलचक आवाज आला. मग काही नाही.

रस्त्याच्या एका अंगाला डोंगर होता, एका अंगाला दरी. आवाज कुठल्या अंगाचा, ते धुक्यात कळत नव्हतं.

ती थांबली नाही. हाक मारावी असं वाटलं, पण हाकेला उत्तर आलं नाही तर काय, म्हणून तिनं मारली नाही.

बोधिवृक्षाच्या अलीकडे शंभर पावलांवर गाडी दिसली. डोंगराच्या अंगाला. नाक चहाच्या झुडपांत खुपसलेलं, एक दिवा फुटलेला, मागची चाकं रस्त्यावर. जिनदास आत बसला होता. एक हात स्टीअरिंगवर, दुसऱ्यानं हँडब्रेक एवढा घट्ट वर ओढून धरलेला की बोटं पांढरी पडली होती. कपाळावर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं.

सीलवती डाव्या बाजूनं आत शिरून त्याच्या शेजारी बसली.

"पहिल्यांदा लागला," तो समोरच्या पानांकडे बघत म्हणाला. "दुसऱ्यांदा लागला. तिसऱ्यांदा तिथे काही नव्हतंच."

खालून बस आली. धुक्यात आधी दिवे दिसले, मग ती शेजारून घासत वर गेली. ड्रायव्हरनं वेग कमी करून, मिस्त्री, दोर आणू का, असं विचारलं. जिनदासनं हात हलवून नको म्हटलं. बस गेल्यावर त्यानं हँडब्रेकवरचा हात सोडवला, एकेक बोट सुटं करावं लागलं, आणि तो हात नाकाशी नेला. बराच वेळ वास घेत राहिला.

"कोणी घातलं?"

"मी," सीलवती म्हणाली. "मशीनला तेल हवं होतं. डबे इकडचे तिकडे झाले असतील माझ्या हातून. चष्मा नव्हता."

जिनदासनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती फळी त्यानं स्वतः ठोकली होती, आपल्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. त्या खोलीतून तिनं स्वतःच्या हातानं कधी काही घेतलेलं नव्हतं. तिच्या मशीनचं तेल तो लहान बुधलीत काढून द्यायचा. हे सगळं त्याच्या चेहऱ्यावरून जाताना तिला दिसलं.

"तू," तो म्हणाला.

"हो."

झुडपांतून पाणी ठिबकत होतं.

"त्या लॉरीवाल्याचं नाव काय होतं गं?"

"सुमनपाल."

"त्याची बायको आहे अजून?"

"आहे. मुलीकडे असते, वरच्या चाळीत."

"चौकशीत मी सांगितलं होतं," जिनदास म्हणाला, "की आंधळासुद्धा वासावरून ओळखेल. असं म्हणालो होतो मी. ती बाई तिथे बाकावर बसली होती."

सीलवतीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं तो झिडकारला नाही, धरलाही नाही. थोड्या वेळानं म्हणाला, चल, चढाला ब्रेक लागत नाही.

गाडी मागे घेताना तिनं उतरून एक दगड शोधला. जिनदासनं पहिला गिअर टाकला आणि गाडी माणसाच्या चालीनं घराकडे चढू लागली. मागून दोन्ही हातांत दगड घेऊन अनवाणी सीलवती चालत होती. चढावर गाडी थांबली आणि मागे येऊ लागली, तर चाकाखाली टाकायला. दोनदा इंजिन गुदमरलं. दोन्ही वेळा तिनं धावत जाऊन दगड चाकाखाली सरकवला आणि गाडी निघाल्यावर पुन्हा उचलला. धुक्यात तिला मागचा एक लाल दिवा तेवढा दिसत होता. दरी उजव्या हाताला होती, दिसत नव्हती, पण तिच्यातून गार वारा अंगावर येत होता.

घरी आल्यावर जिनदासनं हात धुतले, कपाळ पुसलं, स्वच्छ सदरा घातला आणि करुणतिलककडे निघाला. ती त्याच्याबरोबर गेली. वाटेत काय सांगायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. तेल आपण घातलं, मिस्त्रींना माहीतच नव्हतं.

करुणतिलकच्या अंगणात मांडव होता. बायका तळणाला बसल्या होत्या, दिवे लावायची तयारी चालली होती. मंगलिकानं त्यांना खुर्च्या दिल्या, कोरा चहा आणि गुळाचे खडे आणले. जिनदास बसला नाही.

"गाडी उद्या येणार नाही," तो म्हणाला. "ब्रेकमध्ये चुकीचं तेल गेलंय."

"मी घातलं," सीलवती म्हणाली. "माझ्याकडून..."

जिनदासनं हात वर केला. "हिनं नाही. मी. मशीनचं तेल घातलं. आधी एकदा घातलं असेल, आज परत घातलं. मला आठवत नाही." तो थांबला, कढईच्या दिशेनं बघत राहिला. "मला हल्ली आठवत नाही."

कढईत झारा फिरायचा थांबला. करुणतिलक काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, की मामा, वयाप्रमाणे होतंच थोडं, आमच्या वडिलांचंही असंच व्हायचं, ते तर लुंगी उलटी नेसायचे. दोघी-तिघी हसल्या.

"हसण्यावारी नेऊ नकोस," जिनदास म्हणाला. "मी घाट उतरत होतो. मागच्या सीटवर तुझी पोरगी असती."

मंगलिकानं इरेशा कुठे आहे ते उगाच वळून बघितलं. इरेशा दारातच उभी होती, हातांवर कसलासा लेप लावून. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे पाण्यानं भरले, आणि ते गाडीसाठी की मामांसाठी हे सीलवतीला कळलं नाही. करुणतिलक फोन घेऊन मांडवाबाहेर गेला आणि हपुतळेहून व्हॅन ठरवून आला.

सकाळी लख्ख ऊन होतं. व्हॅनला तीच रिबीन आणि त्याच झालरी लावल्या होत्या. मुहूर्ताच्या आधी इरेशा विड्याची पानं हातात धरून आई-वडिलांपुढे वाकली, मग जिनदास आणि सीलवतीपुढे आली. जिनदासनं पांढरं लुंगी-जाकीट घातलं होतं, दर लग्नात गाडी चालवताना घालायचा तेच. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या सीटवर तुम्हीच बसा मामा, असं ती म्हणाली. तो नको म्हणाला.

पण तो व्हॅनकडे गेला. ड्रायव्हर तरुण होता, मोबाइलवर कोणाशी तरी बोलत होता. जिनदासनं त्याला विचारलंही नाही. दार उघडून आत वाकला, उजव्या हाताचा तळवा ब्रेकवर ठेवला आणि सगळा भार टाकून दाबला. दाबून धरला. वऱ्हाड उभं होतं, करुणतिलक मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. मिनिट होऊन गेलं असेल. शेवटी जिनदास सरळ झाला.

"उतारभर दुसऱ्या गिअरमध्ये जा," तो ड्रायव्हरला म्हणाला. "ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. तापतो."

आठ वाजून बारा मिनिटांनी व्हॅन निघाली.

ते दोघं बसनं खाली लग्नाला गेले. पोरुवावर, म्हणजे लग्नाच्या सजवलेल्या चौथऱ्यावर, नवरा-नवरीच्या करंगळ्या दोऱ्यानं बांधल्या, त्यांवर पाणी घातलं, सगळं रीतसर झालं. कोणी जिनदासला गाडीबद्दल विचारलं नाही, त्यावरून सीलवतीनं ओळखलं की सगळ्यांना कळलेलं आहे. जेवून दोनच्या बसनं ते परत आले.

घरी आल्यावर त्यानं कपडे बदलले आणि गाडीपाशी गेला. सीलवती पडवीत बसून बघत होती. आधी त्यानं पाटाएवढे जाड लाकडी ठोकळे आणून चार ढीग रचले. मग जॅक लावून गाडीचा एकेक कोपरा उचलला, चाक काढलं, खाली ठोकळे सरकवले, जॅक उतरवला. क्रम एकदाही चुकला नाही. मध्ये एकदा त्यानं तिला हाक मारली, तीसुद्धा जॅकचा दांडा धरायला. नवीन रबरं मागवायची का, असं तिनं विचारलं तेव्हा तो ऐकू न आल्यासारखं करून चाकं भिंतीशी लावत राहिला.

ऊन उतरलं तेव्हा गाडी चार ठोकळ्यांवर उभी होती, एरवीपेक्षा उंच, एरवीपेक्षा लहान. चाकांचे सोळाच्या सोळा नट त्यानं रॉकेलमध्ये धुतले, एकेक पुसला आणि दूधपावडरच्या रिकाम्या डब्यात टाकला. झाकण लावलं आणि डबा तिच्यापुढे धरला.

"हे ठेव."

"कुठे?"

"कुठेतरी. कुठे ठेवलंस ते मला सांगू नकोस."

डबा तिला वाटलं त्याहून जड होता. ती तो घेऊन उठली. दारात थांबून तिनं मागे बघितलं. जिनदास पायरीवर बसला होता, रस्त्याकडे तोंड करून, घराकडे पाठ करून. ती आत कुठल्या खोलीत वळते ते दिसायला नको, म्हणून त्यानं डोळेही मिटून घेतले होते.